न कळणाऱ्या सिनेमांच्या कॅसेटी

"डॉक्टर, खोकल्याचं औषध द्याच, पण आधी यांच्या डोक्याचं काहीतरी बघा," असं बाई म्हणाल्या तेव्हा ओपीडीच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. पेशंट साठी ओलांडलेले गृहस्थ, राहायला नालासोपारा पूर्वेला, खासगी कंपनीतून निवृत्त. जून लागला की खोकला आणि रात्रीची धाप, असं काही वर्षं चाललं होतं. स्टेथोस्कोप लावला तर छातीत शिट्टी वाजत होती. बाईंची तक्रार मात्र वेगळीच. घर दोन खोल्यांचं, आणि त्यात एका लोखंडी कपाटात, पलंगाखाली आणि माळ्यावर मिळून चारेकशे व्हिडीओ कॅसेटी. "बरं, सिनेमे तरी धड असावेत. एकाचा अर्थ लागेल तर शपथ! लोक बेडकांच्या मागे काय लागतात, मध्येच गाणं काय सुरू होतं, शेवट कधी झाला तेही कळत नाही. आणि हे म्हणतात, हीच तर गंमत."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बेडूक मात्र खरे आहेत.)

खोकल्याकडे नंतर येऊ. बाईंच्या प्रश्नात खरं म्हणजे दोन प्रश्न दडलेले होते. ज्याचा अर्थच लागत नाही असा सिनेमा माणूस पुन्हा पुन्हा का बघतो? आणि तो घरात साठवून ठेवणं हा आजार आहे का? दुसरा प्रश्न घराघरांत भांडणं लावतो, म्हणून तो महत्त्वाचा. पण पहिल्याचं उत्तर कळल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही.

बेडकांचा सिनेमा म्हणजे कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर'. स्वरूप पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. एनएफडीसीच्या पैशातून १९८८ साली हा हिंदी चित्रपट तयार झाला. अजमेर-पुष्करकडचा ओम नावाचा मुलगा, ज्योतिष सांगणारे वडील, थोरली बहीण, आणि बेडकांच्या पोटात सापडणारे हिरे. गोष्ट सांगा म्हटलं तर याच्या पुढे जाता येत नाही. चित्रपटाला समीक्षकांचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि थिएटरात मात्र तो लागलाच नाही. पहिल्यांदा रीतसर प्रदर्शित झाला तो १७ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तोवर तो जगला कसा? कॅसेटवरून कॅसेटवर. एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने कॉपी केली, तिसऱ्याने त्या कॉपीची कॉपी केली. प्रत्येक उताऱ्यात चित्र थोडं अधिक धूसर होत गेलं आणि बघणाऱ्यांची संख्या वाढत गेली. आमच्या पेशंटकडची प्रत अशीच कितव्या तरी पिढीतली. चेहऱ्यांच्या कडा विरघळलेल्या.

या सिनेमातला ओम बराच वेळ श्वास रोखून धरू शकतो. डॉक्टर म्हणून इथे जरा थांबतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून, ऑक्सिजन कमी झाल्याची जाणीव शरीराला फारच उशिरा होते. पाण्यात सूर मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, धोक्याची घंटा वाजत नाही, आणि पोहणारा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. आपल्याकडे तळी कमी नाहीत आणि सुट्टीत पैजा लावणारी पोरंही कमी नाहीत. पालकांनी एवढं लक्षात ठेवावं. असो, सिनेमाकडे परत.

अर्थ न लागणारी गोष्ट सगळ्यांनाच खेचते असं नाही. बहुतेकांना ती कंटाळवाणी वाटते. मग काहींना का खेचते? कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी सांगायला लावल्या: उत्तर येत असल्याची खात्री किती, आणि उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता किती. ज्याचं उत्तर पक्कं माहीत होतं त्याबद्दल उत्सुकता नव्हती, हे स्वाभाविकच. पण ज्याचा काहीच गंध नव्हता त्याबद्दलही ती कमीच होती. सर्वांत जास्त उत्सुकता मधल्या प्रश्नांबद्दल. 'अरे, हे मला येतं बहुतेक, जिभेवर आहे' असे प्रश्न. त्या वेळी मेंदूतला बक्षिसाच्या अपेक्षेने जागा होणारा भाग जास्त काम करताना दिसला, आणि अशा प्रश्नांच्या उत्तरासाठी लोक ताटकळत थांबायलाही तयार होते.

हे वाचल्यावर मला 'ओम दर-ब-दर'सारख्या सिनेमांचं गणित जरा उलगडलं. त्यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर आपल्या ओळखीची आहे. रेडिओ, सायकल, जाहिराती, शाळेतला विज्ञानाचा तास, ज्योतिषाचा फलक. अनोळखी आहे ती त्यांची जोडणी. स्वप्नात नाही का, आपलंच घर असतं, पण दार उघडलं की विरार स्टेशनचा जिना लागतो, तसं. सगळंच परकं असतं तर मेंदूने दहा मिनिटांत नाद सोडला असता. निम्मं ओळखीचं असल्यामुळे तो सोडत नाही. आत्ता अर्थ लागेल, पुढच्या वेळी नक्की लागेल, असं म्हणत कॅसेट पुन्हा आत सरकवली जाते. रहस्यपटाचा खुनी एकदा कळला की दुसऱ्यांदा बघायचं कारण उरत नाही. इथे खुनी कळतच नाही.

आणखी एक गोष्ट आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात युरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून चित्रफिती दाखवल्या, आणि निरनिराळ्या प्रेक्षकांच्या मेंदूंची हालचाल किती सारखी आहे ते मोजलं. २००८ मध्ये त्यांनी दिलेले आकडे बोलके आहेत. हिचकॉकच्या एका दूरदर्शन-कथेला प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाचा ६५ टक्क्यांहून अधिक भाग एकसारखा प्रतिसाद देत होता. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ला ४५ टक्के, एका विनोदी मालिकेला १८ टक्के. आणि बागेत कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या चित्रणाला ५ टक्क्यांहून कमी. हिचकॉक प्रेक्षकांचे मेंदू अक्षरशः एका तालावर चालवत होता. बागेतल्या चित्रणात जो तो आपापल्या वाटेने गेला. याचा अर्थ त्यांचं लक्ष नव्हतं असा नाही, हे संशोधकांनीच नोंदवलं आहे. लक्ष असेल, पण प्रत्येकाचं वेगळीकडे.

अशा प्रयोगात 'ओम दर-ब-दर' कुणी दाखवल्याचं माझ्या वाचनात नाही, त्यामुळे पुढचं माझं मत समजा. दिग्दर्शक हात धरून नेत नाही तेव्हा प्रेक्षकाला स्वतःचं सामान वापरावं लागतं, स्वतःच्या आठवणी, स्वतःची भीती. म्हणून असा सिनेमा बघितलेल्या माणसाला तो 'आपला' वाटू लागतो. आपल्याला दिसलं ते शेजाऱ्याला दिसलेलं नसतं. मग त्यावर रात्र-रात्र वाद घालता येतो, आणि ज्याच्याशी वाद घालता येईल असा दुसरा माणूस शोधावा लागतो. प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या अशा माणसांच्या जिवावर उभ्या राहिल्या.

दुर्मीळपणाचा भाग आहेच. १९७५ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. तीच बिस्किटं, एका बरणीत दहा आणि दुसऱ्या बरणीत दोन. दोनवाल्या बरणीतली बिस्किटं लोकांना अधिक हवीशी वाटली. चिलीचे दिग्दर्शक अलेहान्द्रो होदोरोव्स्की यांचा 'एल टोपो' न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीच्या खेळांना गाजला, पुढे हक्कांच्या मालकाशी बिनसलं आणि जवळजवळ तीस वर्षं तो अधिकृतपणे मिळेनासा झाला. त्या तीस वर्षांत चोरट्या प्रतींनी त्याची कीर्ती जेवढी वाढवली तेवढी जाहिरातींनी वाढवली नसती. आज मोबाइलवर अर्ध्या मिनिटात मिळणाऱ्या सिनेमाला ते भाग्य नाही. आमचे पेशंट लोअर परळला नोकरीला होते. शुक्रवारी चोर बाजार आणि पगाराच्या दिवशी लॅमिंग्टन रोड असा त्यांचा नेम. पुढे सीडी आल्या, गल्लोगल्लीच्या व्हिडीओ लायब्रऱ्या बंद पडल्या आणि कॅसेटी किलोवर निघाल्या, तेव्हा ते विरार लोकलच्या गर्दीत पिशवी डोक्यावर धरून घरी यायचे. हे सांगताना त्यांची धाप कमी झाल्यासारखी वाटली.

आता दुसरा प्रश्न. हा आजार आहे का?

वस्तू साठवण्याचा एक आजार असतो, इंग्रजीत त्याला होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ पासून त्याला स्वतंत्र जागा आहे. पाश्चात्य देशांतल्या पाहण्यांत शंभरात साधारण दोन-तीन माणसांत तो आढळतो. उपयोग असो-नसो, कुठलीच वस्तू टाकवत नाही. टाकायचा विचार आला तरी जीव कासावीस होतो. वस्तूंचे ढीग इतके वाढतात की ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. किती वस्तू आहेत यावर निदान ठरत नाही. ढिगाने घर वापरता येतं का आणि माणूस सुखी आहे का, हे बघायचं. संग्राहक निवडतो, नाकारतो, लावून ठेवतो आणि दाखवतो. साठवणारा रुग्ण यातलं बहुधा काहीच करत नाही. उलट पाहुणा आला तर त्याला लाज वाटते.

मी या गृहस्थांना विचारलं, "यातली एखादी कॅसेट मला बघायला द्याल का?" ते लगेच म्हणाले, "देतो की. तुमच्याकडे व्हीसीआर आहे का?" नव्हता. पुढच्या खेपेला त्यांनी वही आणली. नंबर, नाव, साल, कुठून घेतली, कितव्या मिनिटाला टेप खराब आहे, कुणाला दिली, परत आली का. बाईंना म्हटलं, डोक्याचं औषध लागणार नाही.

सगळ्यांच्या बाबतीत असं निर्धास्तपणे म्हणता येत नाही. आयुष्यभर कधी काही न जमवलेला माणूस साठीनंतर अचानक पिशव्या, बाटल्या, वर्तमानपत्रं गोळा करू लागला तर ते हसण्यावारी नेऊ नये. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली मेंदूला ठराविक जागी इजा झालेले ८६ जण तपासले. त्यातल्या १३ जणांना इजेनंतर निरर्थक साठवणुकीची सवय जडली होती, आणि त्यांच्यात मेंदूच्या पुढच्या भागाची आतली, मध्यरेषेजवळची बाजू दुखावलेली होती. साठवण्याची ओढ मेंदूत खोल आणि जुनी आहे, पुढचा भाग तिला लगाम घालतो, असा त्याचा अन्वयार्थ. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत हाच लगाम सुटतो. कंपवाताच्या काही गोळ्यांनीही खरेदीचं किंवा एकच गोष्ट करत बसण्याचं वेड लागू शकतं. गोळी बदलली की ते ओसरू शकतं, पण ती स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. आणि खरोखर साठवणुकीचा आजार असेल तर घरच्यांनी एक गोष्ट मुळीच करू नये. माणूस गावाला गेल्यावर रद्दीवाल्याला बोलावून घर रिकामं करणं. त्याने विश्वास जातो आणि ढीग पुन्हा वाढतो. त्यासाठी मानसोपचार आहेत, वेळ लागतो पण उपयोग होतो. कुठे जायचं कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

वेड आणि काम यांतली रेषा कुठे असते हे बघायचं तर पुण्याला जावं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली तिथे सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. लहानपणी नायर सिनेमाची फाटकी तिकिटं आणि वजनकाट्यातून निघणारी पुठ्ठ्याची तिकिटं जमवायचे. रेल्वे स्टेशनवरचा तो दिव्यांचा वजनकाटा माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. मोठेपणी त्यांनी फाळक्यांच्या मूकपटांचे उरलेसुरले तुकडे शोधून आणले, आणि चांगला-वाईट असा भेद न करता मिळेल तो सिनेमा सांभाळावा असा आग्रह धरला. २०१२ सालच्या 'सेल्युलॉइड मॅन' या माहितीपटात ते दिसतात. त्यांच्या घरच्यांनीही कधीतरी कुणा डॉक्टरला हाच प्रश्न विचारला असेल का, असं मला ते बघताना वाटलं होतं.

मराठीतलंच उदाहरण घ्यायचं तर 'घाशीराम कोतवाल'. तेंडुलकरांच्या नाटकावर १९७६ साली फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी सहकारी पद्धतीने हा चित्रपट केला. त्यात मणी कौल होते, के. हरिहरन होते, सईद मिर्झा होते, आणि तेच कमल स्वरूपही होते. ओम पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. नाना फडणवीस झाले होते डॉ. मोहन आगाशे, म्हणजे आमच्याच व्यवसायातले, मानसोपचारतज्ज्ञ. नाटक महाराष्ट्रभर आणि परदेशात गाजलं. चित्रपट मात्र इथे दिसेनासाच झाला. एक प्रिंट राहिली ती बर्लिनच्या 'आर्सेनल' या संस्थेकडे, आणि तिच्यावरून पुढे डिजिटल प्रत निघाली. पेशवाईतल्या पुण्याची मराठी गोष्ट जर्मनीतल्या एका फडताळाने सांभाळली.

सांभाळणं सोपं नाही, कारण फिल्म हा नाशिवंत पदार्थ आहे. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते आणि जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवत असल्याने पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या रिळांची राख झाली. नंतरची अॅसिटेट फिल्म पेटत नाही, पण उष्ण दमट हवेत तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटू लागतं. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो, फिल्म आक्रसते, चुरा होते. या 'व्हिनेगर सिंड्रोम'ची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारत सरकारकडून, यात नवल नाही. व्हिडीओ कॅसेटची फीत प्लास्टिकची, तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप. तो लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतलं पाणी शोषतो, आणि ओल टिकली की बुरशी येते.

इथे आमच्या पेशंटचा खोकला भेटतो. कधीपासून, असं विचारल्यावर बाईंनीच सांगितलं, "पूर आला तेव्हापासून." जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, तेव्हा यांच्या घरात गुडघाभर पाणी होतं. पलंगाखालच्या कॅसेटी भिजल्या. त्यांनी त्या पुसून, वाळवून परत पलंगाखालीच ठेवल्या. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी पिठूळ रेघ दिसत होती. ती बुरशी. तिच्यावर वर्षानुवर्षं माणूस झोपत होता, आणि दर पावसाळ्यात कॅसेटी काढून फडक्याने झटकत होता.

बुरशीचे सूक्ष्म कण छातीत गेले की दमा असलेल्याचा दमा बळावतो. काहींच्या बाबतीत अॅस्परजिलस नावाच्या बुरशीची अॅलर्जी फुप्फुसात ठाण मांडते, खोकल्यातून तपकिरी घट्ट गाठी पडतात, एक्स-रेवर डाग दिसतात, आणि आपल्याकडे अशा माणसाला क्षयरोग समजून औषधं सुरू झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडत नाहीत, दमा आटोक्यात येत नाही, असं असेल तर रक्तातल्या आयजीईची तपासणी जरूर करून घ्यावी. यांचं प्रकरण तिथवर गेलेलं नव्हतं. पंप नियमित घेतला आणि कॅसेटी झोपायच्या खोलीतून हलल्या, तेवढ्याने पुढचा पावसाळा निभावला.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी, अल्बम किंवा जुनी पुस्तकं आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ओल येणाऱ्या भिंतीला लागून आणि जमिनीवर काही ठेवू नये, आपल्या भागात तर नाहीच. कॅसेट पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी ठेवावी. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. भिजलेली कॅसेट सावलीत, वाऱ्यावर वाळवावी, उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही. बुरशी आलेल्या वेगळ्या पिशवीत बांधाव्यात. त्यातली एक जरी व्हीसीआरमध्ये घातली तरी यंत्रातून ती पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. साफसफाई गॅलरीत, एन-९५ मास्क लावून, आणि दमा असलेल्याने अजिबात नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी करावी.

व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी होती, तिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. म्हणजे आता आहेत ती यंत्रं दुरुस्त करत चालवायची. ज्या कॅसेटीची दुसरी प्रत कुठेच नाही ती वाळून साफ झाली की गंमत म्हणून लावून बघू नये. लावायची ती संगणकावर उतरवून घेण्यासाठीच, कारण जीर्ण फीत दुसऱ्यांदा चालेल याचा भरवसा नसतो. आमच्या पेशंटच्या वहीत अशा अकरा निघाल्या. सध्या हे काम बाईंकडे आहे, कारण मास्क लावून बसायची परवानगी मी फक्त त्यांनाच दिली आहे.